पणजोबांच्या नावातला ‘जी’

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील आमच्या जुन्या घराच्या तीन खोल्या प्रवाशांना राहायला द्याव्यात आणि सकाळची न्याहारी आपणच करून वाढावी, असे ठरले, तेव्हा खरे काम कौले चाळण्याचे आणि न्हाणीघरे बांधण्याचे आहे, अशी माझी समजूत होती. ती कामे एका उन्हाळ्यात उरकली. घर आमचेच आहे, हे कागदावर दाखविण्यात मात्र दीड वर्ष गेले.

ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत अजून आजोबांचेच नाव होते आणि वारस नोंद झाल्याखेरीज ई-स्वत्तु या ग्रामपंचायतींच्या संगणकीय मालमत्ता नोंदणीतला नमुना 9, म्हणजे घराचा उतारा, मिळणार नव्हता. त्यासाठी मागच्या पिढीचा कागद हवा होता. देवघरातल्या पत्र्याच्या पेटीत पणजोबांचे खरेदीखत सापडले, पण ते मोडीत होते आणि घरात कोणालाच मोडी येत नव्हती. बेळगावातील एका जाणकार गृहस्थांनी ते दोन बैठकांत वाचून दिले. घर पणजोबांनी बांधले, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. खतात मात्र शके 1829 मध्ये, म्हणजे 1907-08 साली, त्यांनी सोपा, माजघर आणि परड्यासह उभे घर विकत घेतल्याचे स्पष्ट लिहिले होते. आत्याला हे मुळीच रुचले नाही.

पुढची अडचण नावाची निघाली. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत आमचा जिल्हा मुंबई राज्यात असल्यामुळे जुने कागद मराठीत आहेत. त्यानंतरच्या नोंदी कानडीत होत गेल्या आणि त्या लिपीबदलात पणजोबांच्या नावापुढचा ‘जी’ कुठेतरी गळून पडला. ही दोन माणसे नसून एकच आहे, असे प्रतिज्ञापत्र करावे लागले, खताचे आधी मराठी लिप्यंतर आणि मग कानडी भाषांतर जोडावे लागले, शिवाय पुण्याच्या काकांपासून कोल्हापूरच्या आत्यापर्यंत सगळ्या वारसांच्या संमतीच्या सह्या गोळा कराव्या लागल्या. आत्याने सही केली, पण मजकूर तीनदा वाचून घेतल्यावरच.

पर्यटन खात्याकडचा अर्ज त्यामानाने सोपा गेला. परदेशी पाहुणा उतरला तर 24 तासांच्या आत त्याची माहिती सरकारकडे द्यायची, एवढे एक भान कायम ठेवावे लागते.

आता आंबोळ्या वाढताना पाहुणे घराविषयी विचारतात. पणजोबांनी हे विकत घेतले, असे मी सांगतो. आत्या माहेरी आलेली असली, तर माजघरातून ‘बांधले’ अशी दुरुस्ती येते.