पृथ्वीगोलाच्या तळाशी एक शाळा

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी 'सध्या राहता त्या गावाविषयी लिहा' असे समितीचे पत्र आले, तेव्हा मला सर्वप्रथम भूगोलाच्या खोलीतील तो जुना पृथ्वीगोल आठवला. त्याचा खालचा खिळा सैल झाला होता. गोल फिरवताना आम्ही मुले तळाशी बोट टेकवत असू आणि त्या घर्षणाने न्यूझीलंडचे दक्षिण बेट जवळजवळ पुसून गेले होते. सर म्हणत, "तिथे काही प्रश्न विचारला जात नाही, पुढे चला." त्याच पुसट झालेल्या बेटावरील डनीडिन या शहरात मी २००६ पासून राहते आहे. यजमानांचे संशोधन येथील विद्यापीठात सुरू झाले म्हणून आम्ही आलो आणि राहिलो.

येण्यापूर्वी मला एवढेच ठाऊक होते की हे शहर स्कॉटलंडच्या लोकांनी वसवले आहे. 'डनीडिन' हे एडिंबराचेच गेलिक नाव. रस्त्यांची नावेही एडिंबऱ्यातून आणलेली आहेत: प्रिन्सेस स्ट्रीट, जॉर्ज स्ट्रीट, मोरे प्लेस. गावातून वाहणाऱ्या ओढ्यालासुद्धा तेथील नदीवरून 'वॉटर ऑफ लीथ' म्हणतात. १८४६ मध्ये चार्ल्स केटल या सर्वेक्षकाने गावाची आखणी केली, ती टेकड्यांची पर्वा न करता कागदावर सरळ रेघा ओढून केली, असे येथे हसत हसत सांगतात. बाल्डविन स्ट्रीट हा जगातील सर्वांत चढाचा रस्ता याच गावात आहे. त्याच्या सर्वांत तीव्र भागात शंभर मीटर पुढे जाताना सुमारे पस्तीस मीटर वर चढावे लागते. भाजीची पिशवी घेऊन तो चढ मी एकदाच चढले, पुन्हा नाही.

हे लोक येथे का आले, हे समजून घ्यायला मला बरीच वर्षे लागली. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चर्चमध्ये मोठी फूट पडली. गावाचा धर्मोपदेशक कोण असावा हे जमीनदाराने ठरवायचे की गावाने, असा वाद होता. थॉमस चाल्मर्स यांच्या नेतृत्वाखाली सुमारे साडेचारशे धर्मोपदेशक आपले वेतन, घर आणि चर्चची इमारत सोडून बाहेर पडले आणि त्यांनी 'फ्री चर्च' स्थापन केले. समुद्रापार आपल्या मनासारखी वसाहत उभारावी, ही कल्पना याच मंडळींतून पुढे आली. येथील बंदराचे नाव पोर्ट चाल्मर्स आहे, ते त्यामुळेच. वसाहतीच्या योजनेत जमिनीच्या विक्रीतून येणाऱ्या पैशाचा आठवा हिस्सा धर्मकार्य आणि शिक्षण यांसाठी राखून ठेवला होता. पहिले घर उभे राहण्याआधी शाळेचा पैसा बाजूला काढणारे लोक मला तरी वेगळे वाटले.

पहिली दोन जहाजे १८४८ मध्ये आली. 'जॉन विक्लिफ' २३ मार्चला पोहोचले आणि 'फिलिप लैंग' १५ एप्रिलला. दोन्ही मिळून साडेतीनशेच्या आसपास माणसे होती. पहिल्या जहाजावर वसाहतीचे पुढारी कॅप्टन विल्यम कारगिल होते आणि दुसऱ्यावर धर्मोपदेशक थॉमस बर्न्स, म्हणजे कवी रॉबर्ट बर्न्सचे पुतणे. मात्र माझे लक्ष वेधले ते याच दुसऱ्या जहाजावरील जेम्स ब्लॅकी या शिक्षकाने. साडेचार महिन्यांच्या त्या प्रवासात तो मुलांना जहाजावरच शिकवत होता. येथील टोइटू संग्रहालयात त्या काळच्या जहाजातील खालच्या मजल्याची प्रतिकृती आहे: अरुंद फळ्यांच्या झोपायच्या जागा, एकावर एक, आणि मध्ये जेमतेम उभे राहता येईल एवढी वाट. मुलीला घेऊन मी प्रथम तेथे गेले तेव्हा ती एका फळीवर जाऊन आडवी झाली, आणि मी मात्र अशा जागेत पाटी कोठे टेकवायची याचा विचार करत राहिले. पावसाळ्यात आपल्या जुन्या इमारतीचे छप्पर गळू लागले की बाई आम्हाला देवळाच्या सभामंडपात नेऊन पाढे म्हणायला लावत, त्याची मला तेथे आठवण झाली.

याच सुमारास हेच लोक आपल्याकडेही शाळा चालवत होते, हे आपल्या स्मरणिकेत सांगायलाच हवे. महात्मा फुले पुण्यात ज्या शाळेत इंग्रजी शिकले, ती स्कॉटिश मिशनचीच. मुंबईचे विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते जॉन विल्सन १८२९ मध्ये स्कॉटलंडहून मुंबईला आले, आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनी त्याच वर्षी मुलींसाठी शाळा सुरू केल्या. १८४३ च्या फुटीत विल्सनही फ्री चर्चकडे गेले. म्हणजे ज्या भांडणातून डनीडिन जन्मले, त्याचा धागा गिरगावापर्यंत येतो. फरक एवढाच की आपल्याकडे ते शिकवायला आणि धर्म सांगायला आले, तर येथे कायमचे राहायला आले.

धर्मनिष्ठ, काटकसरी, एकाच पंथाच्या माणसांचे गाव हे त्यांचे स्वप्न मात्र तेरा वर्षेच टिकले. १८६१ च्या मे महिन्यात गॅब्रिएल रीड याला येथून जवळच्या एका घळीत सोने सापडले आणि ऑस्ट्रेलियापासून चीनपर्यंतची माणसे डनीडिनच्या धक्क्यावर उतरली. दारूचे गुत्ते उघडले, जुन्या रहिवाशांना 'ओल्ड आयडेंटिटी' असे चिडवण्याचे नाव पडले आणि थॉमस बर्न्स यांचे आदर्श गाव बाजाराच्या गर्दीत हरवले. माझे मत विचाराल तर चर्चची वसाहत फसली आणि शाळेची वसाहत टिकली, कारण सोन्याचा पैसा हाती आल्यावर या लोकांनी तो जुन्या सवयीप्रमाणे शिक्षणात घातला. १८६९ मध्ये त्यांनी न्यूझीलंडचे पहिले विद्यापीठ स्थापन केले आणि उत्पन्नासाठी त्याला एक लाख एकर कुरणे दिली. सुरुवातीच्या तीन प्राध्यापकांपैकी दोघे स्कॉटिश होते. वैद्यकीय शिक्षणही येथेच १८७५ मध्ये सुरू झाले, तेव्हा या गावाला वसून तीस वर्षेसुद्धा झाली नव्हती.

मुलींच्या शाळेची गोष्ट तर मी आपल्या शाळेतील प्रत्येक मुलीला ऐकवली असती. लर्मन्थ डॅलरिम्पल या स्कॉटलंडहून आलेल्या बाईंना स्वतःला हवे तसे शिक्षण मिळाले नव्हते. मुलांसाठी १८६३ मध्ये हायस्कूल निघाले, मग मुलींसाठी का नको, असा प्रश्न त्यांनी उचलला. प्रांतिक विधिमंडळातील सभासदांना पत्रे लिहिणे, स्त्रियांच्या सभा भरवणे, निवेदनांवर सह्या गोळा करणे हे काम त्यांनी सात वर्षे चिकाटीने केले. ६ फेब्रुवारी १८७१ रोजी ओटागो गर्ल्स हायस्कूल उघडले, आणि दक्षिण गोलार्धातील मुलींच्या पहिल्या सरकारी हायस्कुलांत त्याची गणना होते. पहिल्या मुख्याध्यापिका मार्गारेट बर्न याही एडिंबऱ्याच्याच. लर्मन्थबाईंचा पुतळा मात्र गावाच्या मध्यवर्ती चौकात नाही. तेथे १८८७ पासून कवी रॉबर्ट बर्न्स बसला आहे, चर्चकडे पाठ आणि दारूच्या दुकानाकडे तोंड करून. पुतण्याच्या करड्या शिस्तीला काकाने दिलेले हे उत्तर, असा विनोद येथे प्रत्येक नव्या माणसाला ऐकवतात. मलाही तो तीन वेळा ऐकवला गेला आहे.

या साऱ्या कौतुकाला एक दुसरी बाजू आहे. ही जमीन रिकामी नव्हती. १८४४ मध्ये काइ ताहू या माओरी समाजाकडून चार लाख एकर जमीन २,४०० पौंडांना घेण्यात आली, आणि त्यांच्यासाठी जो हिस्सा राखून ठेवायची बोलणी झाली होती तो कधीच मिळाला नाही, ही त्यांची तक्रार पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिली. सरकारशी तडजोड झाली ती थेट १९९८ मध्ये. 'ओटागो' हे प्रांताचे नाव त्यांच्या ओटाकोऊ या वस्तीवरून आले आहे. ज्या टोइटू ओढ्याच्या काठी स्थलांतरित उतरले, तो आज शहराच्या पोटातून बंद नळातून वाहतो. वर एडिंबऱ्याची नावे आणि खाली दिसेनासा झालेला ओढा, हे या गावाचे खरे चित्र आहे, असे मला वाटते. गेली काही वर्षे संग्रहालयाने स्वतःच्या नावात 'टोइटू' घेतले आहे, तेवढा ओढा वर आला म्हणायचा.

रोजच्या जगण्यात स्कॉटलंड कोठे उरले आहे, असे कोणी विचारले तर मी आधी कानाकडे बोट दाखवीन. येथून दक्षिणेला साउथलंड भागातील जुनी माणसे 'र' खणखणीत उच्चारतात. उर्वरित देशात शब्दाच्या शेवटी येणारा 'र' विरून जातो. नवीन असताना माझे इंग्रजी दुकानदारांना कळत नसे, आणि मी तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणताना रडकुंडीला येई. आमच्या शेजारच्या आजी मूळच्या साउथलंडच्या, ऐंशीच्या घरातल्या. त्यांना माझा शब्दन्‌शब्द पहिल्याच दिवशी कळला. त्या प्रत्येक गोष्टीला 'वी' म्हणतात, म्हणजे इवलेसे. 'वी' कप चहा, 'वी' पाऊस, 'वी' ऑपरेशन. आता माझी मुलगीही "आई, एक वी पोळी दे" म्हणते. समुद्रकाठच्या सुट्टीतील झोपडीवजा घराला उत्तरेकडे 'बाच' म्हणतात, तर येथे 'क्रिब' म्हणतात. हा शब्दही स्कॉट लोकांनीच रुजवला, असे आजी ठामपणे सांगतात.

बर्न्सच्या जन्मदिवशी, २५ जानेवारीला, येथे हॅगिस करतात. मेंढीचे काळीज, फुप्फुस, ओट आणि कांदा एकत्र शिजवलेला हा पदार्थ ताटातून मिरवत आणतात, पुढे बॅगपाइपवाला चालतो आणि कवीने त्या पदार्थावर रचलेली कविता म्हटली जाते. ज्यांना वजडी आवडते त्यांना हॅगिसही आवडेल. गंमत अशी की स्कॉटलंडमधील कडाक्याच्या थंडीचे हे जेवण येथे भर उन्हाळ्यात, रात्री नऊपर्यंत उजेड असताना, घाम पुसत खाल्ले जाते. पहिल्या वर्षी मला हसू आले. त्याआधी अकराच दिवस मीही ऐन उन्हाळ्यात तिळगूळ वाटून आले होते, हे नंतर लक्षात आले.

मागच्या वर्षी मुलीला नव्या शाळेचा गणवेश घेतला. येथील अनेक मुलींच्या शाळांप्रमाणे त्यात चौकडीचा लोकरी किल्ट आहे. पहिल्याच धुण्यात त्याच्या चुण्या मोडल्या आणि मुलगी रडवेली झाली. शेजारच्या आजी ओले फडके आणि इस्त्री घेऊन आल्या. कापडाची उलटी बाजू वर घ्यायची, प्रत्येक चुणी कच्च्या टाक्याने बांधायची, फडके टाकून इस्त्री दाबून धरायची आणि वाफ जिरल्यावरच टाके काढायचे, असे त्या सांगत होत्या. मी तोपर्यंत चार बोटांच्या मापाने निऱ्या घालून निम्मा किल्ट बांधूनही टाकला होता. चौकडीची रेघ प्रत्येक चुणीवर एकाच जागी येते की नाही, हे त्यांनी चष्मा वर करून पाहिले आणि हे कोणी शिकवले, असे विचारले. आठवीच्या शिवणाच्या तासाला परकराला निऱ्या घालताना वाकड्या आल्या म्हणून तीनदा उसवायला लावणाऱ्या आपल्या बाईंचे नाव मी सांगितले. बाईंच्या आडनावात 'र' आहे. आजींनी ते दोनदा म्हणून पाहिले आणि दुसऱ्या वेळी त्यातला 'र' अगदी आपल्या गावासारखा आला.