भेट द्यायची की प्यायची?

आमच्या तालुक्यात दारूच्या दुकानावर ‘वाइन्स’ अशी पाटी असते आणि आत वाइन सोडून सगळं असतं. म्हणजे असते तीही, पण कुठे? काउंटरच्या डाव्या हाताला, अगदी खालच्या फळीवर, सोड्याच्या क्रेटच्या मागे. पाच-सात बाटल्या, मानेवर धूळ, एखादीच्या खांद्यावर कोळ्याचं जाळं. पाटीवर नाव जिचं, तिलाच घरात जागा नाही.

हे मला गेल्या मे महिन्यापर्यंत माहीत नव्हतं, कारण मी त्या फळीकडे कधी वाकून बघितलंच नव्हतं. पुण्याहून भाचा आणि भाचेसून आंब्याला येणार होती. फोनवर तो म्हणाला, “मामा, येताना वाइन आणतो, मामीच्या माशांबरोबर मजा येईल.” आता कोकणात पाहुणा ‘आणतो’ म्हणाला की यजमानाच्या तोंडून एकच वाक्य बाहेर पडतं. “काही आणू नको, इथे सगळं मिळतं.” पडलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की ह्या ‘सगळं’मध्ये आता वाइन आली.

दुपारी दुकान रिकामं असेल अशा बेताने गेलो. काउंटरवरचा मुलगा तिशीचा असेल. म्हटलं, “एक चांगली वाइन दे.”

“चांगली म्हणजे कितीपर्यंतची?”

मी गप्प. त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, “काका, भेट द्यायची की प्यायची?”

“त्याने काय फरक पडतो?”

“भेट द्यायची तर ३,१०० ची आहे, खोक्यात येते. प्यायची तर ६८० ची घ्या.”

इतका सरळ सल्ला मला आजवर एलआयसीवाल्याने दिलेला नाही, डॉक्टरने नाही. पण त्या क्षणी तो पटला नाही. मनात आलं, ६८० ची नेली तर भाचा म्हणेल मामाने हात आखडला, आणि ३,१०० ची नेली तर आमच्या घरातून जे म्हटलं जाईल ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी ६८० ची एक आणि १,२४० ची एक अशा दोन घेतल्या. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही नाशिककडच्या, दोन्हींची झाकणं काळी आणि फिरकीची. वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत टाकल्या, वर कोथिंबिरीची जुडी. आमच्या नाक्यावर अशा पिशवीत काय आहे ते पोरंही ओळखतात, पण रीत म्हणून कोथिंबीर.

वाटेत स्वतःचाच राग आला. मी हा माणूस मासळीबाजारात किंमत सगळ्यात शेवटी विचारतो. आधी गलफड उचलून आतला लाल रंग बघायचा, डोळा फुगीर आहे की बसलेला ते बघायचं, बोट दाबून मांस वर येतं का बघायचं, मग भाव. आंब्याचंही तेच. देठाशी नाक नेलं की पुरे. आणि इथे बाटली हातात घेण्याआधीच मी आकडा ऐकून घेतला होता आणि त्या आकड्याशीच भांडत होतो. आमच्याकडे मुंबईचे लोक आंबा घ्यायला आले की नेमकं हेच करतात आणि त्यावरून मी त्यांना पंचवीस वर्षं हसतो आहे.

घरी पुढचा प्रश्न. पांढरी वाइन गार करावी लागते, एवढं माहीत होतं. फ्रिजमध्ये आमरसाचे डबे, सोललेल्या तिसऱ्या, आणि वरच्या कप्प्यात नैवेद्याचं दूध. “दुधाशेजारी ती बाटली लागणार नाही,” असा निकाल आला. त्यावर अपील नसतं. मग जुन्या जाळीचा तुकडा होता, त्यात दोन्ही बाटल्या बांधल्या आणि विहिरीत सोडल्या. मे महिना, पाणी तळाला गेलेलं. जांभ्याच्या भिंतीवर टक टक आपटत बाटल्या खाली गेल्या तेव्हा काळजाचा ठोका चुकला, १,९२० रुपये होते ते. मग गडप असा आवाज आला आणि दोरी सैल पडली. रहाटाच्या खांबाला गाठ मारली.

रात्री मंडळी आली. जेवणं झाल्यावर पडवीत बसून मी भाच्याला आडून आडून विचारलं, की बाबा, वाइनवर माणसाने खर्च किती करावा. तो हिशेबातला माणूस, लगेच सुरू झाला. ७५० मिलिलिटरच्या बाटलीला साधारण किलो-सव्वा किलो द्राक्षं लागतात. काच, झाकण, लेबल, खोका, घाट उतरून येणारा टेम्पो, दुकानदाराचा वाटा, हे सगळं पाचशेच्या बाटलीला आणि हजाराच्या बाटलीला जवळजवळ सारखंच लागतं. त्यामुळे अगदी स्वस्त बाटलीत प्रत्यक्ष वाइनचे पैसे फार थोडे असतात. तिथून दोन-तीनशे रुपये वर चढलं की वाढलेला बराचसा पैसा द्राक्षात जातो. सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो.

“आणि तीन हजारांत काय असतं?”

“लाकूड असतं थोडं,” तो म्हणाला. फ्रेंच ओकचं पिंप २२५ लिटरचं, म्हणजे ३०० बाटल्यांचं. नवं घ्यायला हजारभर युरोंच्या आसपास पडतं. मी मनातल्या मनात भागाकार केला. एकदाच वापरून फेकलं तरी बाटलीमागे तीनशे-साडेतीनशे रुपयांचं लाकूड. मग त्यात वर्ष-दीड वर्ष वाइन मुरत ठेवायची, तेवढे दिवस पैसे अडकलेले, त्याचं व्याज. “आणि उरलेले?” “उरलेले नावाचे, मामा.” बाहेरून आलेली असेल तर कराचेही. परदेशी वाइनवर आपल्याकडे वर्षानुवर्षे १५० टक्के आयातकर होता, ऑस्ट्रेलियाशी २०२२ साली करार झाला तेव्हा त्यांच्या महागड्या बाटल्यांवरचा थोडा उतरला. म्हणजे परदेशी बाटलीला तुम्ही दोन हजार मोजता तेव्हा त्यातला मोठा वाटा तुम्ही पीत नाही, देशाला देता. ह्यात वाईट काही नाही, पण मग पिताना ‘अहाहा’ म्हणण्याचं कारण देशभक्ती असावं.

खरं तर ही सगळी घाटावरची मिजास. आमच्याकडे द्राक्षाचा वेल लावून बघा, पहिल्या पावसातच बुरशी धरतो. नारायणगावात १९८० च्या दशकात शॅम्पेनसारखी फसफसणारी वाइन झाली आणि ‘ओमर खय्याम’ ह्या नावाने परदेशात गेली. नाशकात १९९९ मध्ये राजीव सामंतांनी ‘सुला’ काढली. २००१ मध्ये सरकारने द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं आणि मग सोलापूर जिल्ह्यात अकलूजकडेही वाइन व्हायला लागली. आणि आमच्याकडे काजूची बोंडं काय करतात? बी काढून घेतात आणि बोंड झाडाखाली टाकतात. एप्रिलमध्ये काजूच्या बागेतून चालताना येतो तो आंबूस-गोड वास म्हणजे वाया गेलेल्या दारूचाच. गोव्याची हद्द ओलांडली की त्याच बोंडाचा हुर्राक होतो, फेणी होते, तिला भौगोलिक मानांकनसुद्धा आहे. असो, हा विषय काढला की मी थांबत नाही.

सकाळी विहिरीवर गेलो. दोरी ओढली, जाळी वर आली आणि मी तिथेच कट्ट्यावर बसलो. दोन हिरव्या बाटल्या, नितळ, ओल्या, आणि दोन्ही कोऱ्या. लेबलं रात्रीत सुटली होती. वाकून बघितलं तर एक कागद पाण्यावर पालथा तरंगत होता, दुसरा कुठेच नव्हता. ६८० कुठली आणि १,२४० कुठली, ते आता फक्त त्या विहिरीला ठाऊक.

भाच्याला हे सांगितलं तर तो वैतागेल असं वाटलं होतं. तो खूश झाला. म्हणाला, जाणकार लोक मुद्दाम बाटल्या झाकून चव घेतात. १९७६ मध्ये पॅरिसात अशीच झाकून परीक्षा झाली. परीक्षक फ्रेंच, आणि पांढऱ्यात आणि लालमध्ये दोन्हीकडे पहिला नंबर कॅलिफोर्नियाचा आला. मग त्याने २००८ चा एक अमेरिकन प्रयोग सांगितला. वीस माणसांना एकच वाइन दोनदा दिली, एकदा दहा डॉलरची म्हणून आणि एकदा नव्वदची म्हणून. लोकांना नव्वदवाली जास्त आवडली. ते उगाच मोठेपणासाठी तसं म्हणत नव्हते. मेंदूचं चित्र घेत होते, तर सुख नोंदवणारा भागही नव्वदला जास्त उजळला.

मला ह्यात नवल वाटलं नाही, कारण हा प्रयोग मी आधीच केलेला आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मुंबईच्या नातेवाइकांना आमच्याच परसातले आंबे पाठवायचे होते आणि पेट्या नव्हत्या. मावसभावाच्या बागेतल्या रिकाम्या पेट्या पडल्या होत्या, त्यात गवत घालून भरून दिले. पेटीवर छापलेलं होतं देवगड. आठ दिवसांनी फोन आला. “देवगडचा तो देवगडचा! तुमच्याकडच्याला ही चव नाही हो.” मी काय बोलणार? त्यांना मिळालेलं सुख खरं होतं. ते काढून घेण्याइतका मी सत्यवादी नाही. हापूसला २०१८ मध्ये मानांकन मिळालं तेव्हा मला त्या पेट्या आठवल्या होत्या. भाचेसून हसत सुटली. तो फोन तिच्याच सासरचा होता, हे मी तोपर्यंत विसरलो होतो.

दुपारी पाट मांडले. बांगड्याचं तिखलं, त्यात तिरफळं ठेचून. सुरमईच्या तुकड्या रव्यात घोळवून. सोलकढी. काचेचे पेले सहा होते, त्यातला एक आतेच्या पाण्याचा. आते ब्याऐंशीची. तिने विचारलं, “कितक्याक हाडलंस रे?” मी म्हटलं, “कळत नाही गो आता.” तिला वाटलं मी लपवतोय.

पहिली बाटली उघडली. रंग फिक्या गवतासारखा. भाच्याने घोट घेतला आणि मान डोलावली. आंबट होती, पण आमच्या जेवणाला ते चालतं. भाचा म्हणाला की जेवण आंबट असेल तर वाइन निदान तेवढी तरी आंबट हवी, नाहीतर ती पाण्यासारखी लागते. कोकमापुढे टिकली, म्हणजे आंबटपणा बरा होता. पाठीमागे किंचित गोडी होती, ती तिखल्याच्या तिखटावर जाऊन बसली. मला एवढंच कळलं की बांगड्याचा घास, मग घोट, मग पुन्हा बांगडा असं करताना मी भात घ्यायचा विसरलो. आतेने माझ्या पेल्यात बोट बुडवून चाटलं. “आंबटढाण! ह्येच्यापेक्षा आमचां कोकमाचां आगळ बरां.”

दुसरी बाटली उघडली. ही पिवळी होती, जुन्या तुपासारखी. वास उकडलेल्या सफरचंदाचा. भाच्याने पेला उजेडात धरला, घोट घेतला आणि खाली ठेवला.

“मामा, ही उकडली आहे.”

“विहिरीत?”

“विहिरीत नाही हो, दुकानात. किती महिने उभी होती कोण जाणे.”

आणि मग मला त्या दुकानाची खालची फळी दिसायला लागली. पत्र्याचं छप्पर, पश्चिमेला शटर, मे महिन्याची दुपार. वाइनला गारवा आणि अंधार लागतो. तिला आम्ही काउंटरखाली भट्टीत ठेवतो. त्यातही स्वस्त बाटली कोणीतरी नेतं, नवी येते. महाग बाटली मात्र ‘भेट द्यायच्या’ गिऱ्हाइकाची वाट बघत एक उन्हाळा काढते, मग दुसरा. आमच्या किनाऱ्यावर बाटली जितकी महाग तितकी ती जास्त उन्हाळे बघितलेली असण्याची शक्यता मोठी. बारा वाजेपर्यंत टोपलीत उरलेला पापलेट आणि ही बाटली, दोघांची गोष्ट एकच. पापलेट महाग म्हणूनच उरलेला असतो, आणि उरला म्हणून ताजा नसतो.

उकडलेली १,२४० ची असणार अशी माझी खात्री होती. भाचा म्हणाला, पुरावा नाही. बरोबर आहे. बाटलीच्या मागच्या लेबलावर भरल्याचा महिना-वर्ष असतो, ते गलफडासारखं बघायचं, हे त्याने मला तेव्हा सांगितलं. लेबल विहिरीत.

पहिली बाटली सुरमईच्या आधीच संपली. दुसरी आमच्या घरातून हलवा माशाच्या आमटीत गेली, आणि आमटी चांगली झाली होती, हेही नोंदवायला हवं. रिकाम्या बाटल्या धुऊन त्यात आता आगळ भरलंय. फिरकीचं झाकण आगळाला फार सोयीचं.

पावसाळा लागायच्या आधी परत दुकानात गेलो. ह्या वेळी वाकलो, फळीवरची एकेक बाटली उचलून उलटी केली, चष्मा वर-खाली करत मागची बारीक अक्षरं वाचली. एक दोन वर्षांपूर्वीची निघाली, ती जागेवर ठेवली. मुलगा बघत होता.

“काय शोधताय काका?”

“मागच्या वेळी नेली होती ती.”

“मागच्या वेळी दोन नेल्या होत्यात. त्यातली कुठली?”

“आधी संपली ती.”