डीएफ म्हणते ३७, डीयू म्हणते २२: मधले १५ जीबी शोधताना

उबुंटूचा सर्व्हर, ४० जीबीची डिस्क, आणि प्रत्येक सेवेच्या तोंडी एकच एरर: 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. मी आधी `डीएफ -एच` चालवली; डीएफ ही डिस्कची किती जागा भरली ते सांगणारी कमांड. रूट पार्टिशनसमोर (डिस्कचा मुख्य भाग) जीबीतले आकडे आले: एकूण ३९, वापर ३७, शिल्लक ०, १०० टक्के. ३९ मधून ३७ गेले तर २ उरायला हवेत. ते ईएक्सटी४ फाइलसिस्टिम (डिस्कवर फाइल्स मांडणारी व्यवस्था) रूट वापरकर्त्यासाठी, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्यासाठी, राखून ठेवते. नेहमीचं प्रमाण ५ टक्के. टक्केवारीही एकूण जागेवर निघत नाही, वापर अधिक शिल्लक या बेरजेवर निघते.

लगोलग `डीएफ -आय`. ती आयनोड मोजते; आयनोड म्हणजे प्रत्येक फाइलची डिस्कवरची नोंद. सेशन किंवा कॅशच्या लाखो बारीक फाइल्स साचल्या की जागा असूनही आयनोड संपतात, आणि तेव्हाही एरर हीच येते. इथे आयनोड ११ टक्केच वापरलेले होते.

मग `सुडो डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=१ / | सॉर्ट -एच`. डीयू प्रत्येक फोल्डरने किती जागा घेतली ते मोजते, सॉर्ट ती यादी क्रमाने लावते, सुडो म्हणजे रूटच्या अधिकाराने चालवणं. यातलं 'एक्स' विसरू नका. ते नसेल तर डीयू दुसऱ्या माउंट केलेल्या (फोल्डरवर जोडलेल्या) डिस्कमध्येही शिरते आणि बेरीज भलतीच येते. सुडो नसेल तर परवानगी नसलेले फोल्डर मोजणीतून सुटतात. सॉर्टला 'एच' ऐवजी 'एन' दिलं तर ९०० एमबी हे १५ जीबीपेक्षा मोठं ठरतं, कारण ते फक्त आकडा बघतं, एकक नाही.

बेरीज आली २२ जीबी. डीएफच्या आकड्यापेक्षा १५ कमी.

अशी तफावत दिसली की लोक डीयू पुन्हा पुन्हा चालवतात, फोल्डर उघडून बघतात. त्यात वेळ जातो आणि हाती काही लागत नाही. डीएफ थेट फाइलसिस्टिमला विचारते की किती ब्लॉक भरलेत. डीयू नावं धरून एकेक फाइल मोजते. ज्या फाइलचं नाव पुसलं गेलंय पण जी एखाद्या चालू प्रोसेसने उघडी ठेवलीय, तिचे ब्लॉक मोकळे होत नाहीत आणि डीयूला ती दिसतही नाही. म्हणून मी `सुडो एलएसओएफ +एल१` चालवली (एल कॅपिटल); ती उघड्या फाइल्सपैकी नाव पुसलेल्या दाखवते. लिंकची संख्या ० आणि शेवटी 'डिलीटेड' असलेली एक लॉग फाइल होती, जवळजवळ १५ जीबीची.

कारण लॉगरोटेटच्या, म्हणजे जुने लॉग ठरावीक काळाने बाजूला काढणाऱ्या प्रोग्रामच्या, मांडणीत निघालं. जुना लॉग लगेच दाबून जीझेड करायचा आणि मूळ फाइल काढून टाकायची, एवढंच लिहिलेलं. पण सेवेला नवीन फाइल उघडायला सांगणारा 'पोस्टरोटेट' भाग नव्हता. सेवा जुन्याच फाइलमध्ये लिहीत राहिली. सेवा रीस्टार्ट केली आणि डीएफ ५९ टक्क्यांवर आली. रीस्टार्ट शक्य नसेल तर प्रॉक फोल्डरमध्ये त्या प्रोसेसच्या 'एफडी'खालचा (तिने उघडलेल्या फाइल्सची यादी) त्या फाइलचा क्रमांक गाठून फाइल रिकामी करता येते.

एलएसओएफमध्ये काहीच मिळालं नसतं तर दुसरा संशय माउंटखाली झाकलेल्या फाइल्सचा. बॅकअपची डिस्क जोडलेली नसताना बॅकअप चालला तर तो त्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे रूटवरच पडतो. नंतर डिस्क जोडली की झाकला जातो. `माउंट --बाइंड / /एमएनटी` करून, म्हणजे रूट दुसऱ्या फोल्डरवर पुन्हा दाखवून, तिथे डीयू चालवली की तो उघडा पडतो.

उरलेल्या २२ मध्ये सिस्टिमडीचं जर्नल (सिस्टिम आणि सेवांच्या नोंदींचा लॉग) ३.४ जीबी होतं, `जर्नलसीटीएल --डिस्क-यूसेज`ने दिसलं. `--व्हॅक्यूम-साइझ=५००एम` देऊन ते छाटलं; ही कमांड फक्त बंद झालेल्या जर्नल फाइल्स काढते, चालू फाइलला हात लावत नाही. डीएफ आता ५१ टक्के. लॉगरोटेटमध्ये पोस्टरोटेट घातलं, `लॉगरोटेट -एफ`ने एकदा जबरीने फिरवून पाहिलं आणि एलएसओएफ पुन्हा चालवली. या वेळी ती यादी रिकामी आली.