आठ गोळ्या, चाळीस आठवडे

जुलै 2019 मध्ये शाळेतून घरी येताना पावसात मोटारसायकल घसरली आणि माझ्या कमरेच्या मणक्यातील गादी सरकली. शस्त्रक्रिया टळली, पण डाव्या पायात उतरणारी कळ काही केल्या थांबेना. तेव्हा ज्या गोळ्या लिहून दिल्या गेल्या त्यांत 37.5 मिलिग्रॅम ट्रामाडॉल (अफूच्या जातीतील वेदनाशामक) आणि 325 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असे मिश्रण होते. दिवसाला दोन, दहा दिवसांसाठी. त्या दहा दिवसांची पुढे जवळजवळ पावणेचार वर्षे झाली. त्यांतील शेवटच्या चाळीस आठवड्यांविषयी मी येथे लिहीत आहे, कारण गोळी कशी लागली हे सांगणारे पुष्कळ भेटतात, ती कमी कशी केली याचा तपशील मात्र सहसा कोणी सांगत नाही, आणि मला त्या काळात नेमका तोच हवा होता.

लागली कशी, ते थोडक्यात सांगतो. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. दोनाच्या तीन गोळ्या झाल्या त्या वर्गात उभे राहता यावे म्हणून, आणि तीनाच्या पाच झाल्या त्या टाळेबंदीत, जेव्हा दवाखाने बंद होते आणि मेडिकल तेवढी उघडी होती. मार्च 2020 मध्ये दूरध्वनीवरून उपचार करण्याचे जे नियम आले, त्यांत अमली पदार्थांच्या कायद्याखालील औषधे अशा रीतीने लिहून देण्यास मनाई होती, आणि ट्रामाडॉल तर एप्रिल 2018 पासूनच त्या कायद्याखाली आहे. मला यातले काही ठाऊक नव्हते. पाकिटावर लाल अक्षरांत काहीतरी छापलेले असे, ते मी कधी वाचले नाही. जुन्या चिठ्ठीचा फोटो दाखवला की गोळ्या मिळत. एका दुकानात चिठ्ठी मागू लागले, तर मी दुसरे दुकान गाठले. 2021 च्या उन्हाळ्यापर्यंत मी दिवसाला आठ गोळ्या घेत होतो, आणि घरात मात्र चार सांगत होतो. उरलेल्या कंपासपेटीत असत. विद्यार्थ्यांना पायरी न गाळता उदाहरण सोडवायला सांगणारा माणूस स्वतःच्या हिशेबातील निम्मी रक्कम गाळत होता, याची लाज मला आजही वाटते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करायला हवी. मला कधीही झिंग येत नव्हती. सुरुवातीच्या काही आठवड्यांत गोळीनंतर अर्ध्या-पाऊण तासाने अंगात एक ऊब पसरत असे, मन हलके होत असे, पण ते सुख लवकरच संपले. पुढची सारी वर्षे गोळी घेतली ती बरे वाटावे म्हणून नव्हे, तर वाईट वाटू नये म्हणून. ‘व्यसन’ हा शब्द मला स्वतःला लावता येत नव्हता तो त्यामुळेच. माझ्या डोळ्यांसमोर व्यसनी म्हणजे गर्द, म्हणजे स्वस्तातले हेरॉइन, ओढणारी मुले होती. 2019 साली केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी सर्वेक्षणात हेरॉइन घेणाऱ्यांचे प्रमाण 1.14 टक्के आणि औषधी अफूजन्य गोळ्या, सिरप वगैरे घेणाऱ्यांचे 0.96 टक्के आढळले होते. हे आकडे मी फार उशिरा वाचले. माझी जमात गर्दवाल्यांपेक्षा फारशी लहान नव्हती.

पहिला प्रयत्न 2021 च्या दिवाळीच्या सुट्टीत केला, आणि तो शुद्ध मूर्खपणा होता. ठरवले की आजपासून बंद. रात्री शेवटची गोळी घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारपासून जांभया सुरू झाल्या, एकामागून एक, डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या. नाक गळू लागले. मला वाटले, सर्दी झाली. संध्याकाळी अंगावर काटा येऊ लागला, घामही येत होता आणि हुडहुडीही भरत होती. रात्री पायांची वळवळ सुरू झाली. हाडांच्या आतून कोणी ओढत आहे असे वाटावे, पाय हलवला की क्षणभर थांबावे आणि लगेच पुन्हा तेच. पहाटेपर्यंत सहा वेळा जुलाब झाले. ज्या माणसाला दोन वर्षे बद्धकोष्ठाने ग्रासले होते त्याचे हे चित्र. पण या सगळ्याहून भयंकर होती ती भीती. कशाची, ते सांगता येत नव्हते. हाताच्या बोटांतून मुंग्या येत, डोक्यात वीज चमकल्यासारखे होई आणि छातीत धडधडून वाटे की आता काहीतरी घडणार. तिसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचे शटर वर जाण्याआधी मी तेथे उभा होतो. गोळी घेतल्यावर तासाभरात सर्व काही शांत झाले, आणि त्या शांततेनेच मला पहिल्यांदा खरे घाबरवले.

त्यानंतर मी सावध झालो असे नाही. उलट जानेवारीत एके दिवशी दहा गोळ्या घेतल्या. दहा गोळ्या म्हणजे 375 मिलिग्रॅम ट्रामाडॉल. प्रौढ माणसासाठी दिवसाची कमाल मर्यादा 400 मानतात, आणि मात्रा जसजशी वाढते तसतसा या औषधाने आकडी येण्याचा धोकाही वाढतो. मी कंपासपेटी पत्नीसमोर उघडली ती त्या रात्री. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “अहो, मी इतके दिवस समजत होते की तुमचं दुखणं वाढतंय.” मे महिन्यात आम्ही दोघे मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. मधले चार महिने ‘परीक्षा होऊ देत, निकाल लागू देत’ यात गेले.

डॉक्टरांनी दिवाळीतल्या त्या तीन दिवसांचा उलगडा केला. ट्रामाडॉल दोन वाटांनी काम करते. शरीरात गेल्यावर यकृतात त्याचे एक दुसरे रसायन बनते आणि ते अफूच्या जातीतील औषधांप्रमाणे मेंदूतील ग्राहींना (रिसेप्टरना) चिकटते; शिवाय नैराश्यावरील काही औषधांप्रमाणे मूळ ट्रामाडॉल सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रिनॅलिन या मेंदूतील संदेशवाहक रसायनांचे प्रमाणही वाढवते. म्हणून ते अचानक थांबवले की जुलाब, काटा, जांभया ही अफूची ‘टर्की’ तर होतेच (व्यसनमुक्तीच्या वर्तुळात हाच शब्द रूढ आहे), पण काही जणांना तिच्या जोडीने मुंग्या, भयाचे झटके, क्वचित भास अशी दुसरी तऱ्हाही भोगावी लागते. औषध वर्षानुवर्षे मेंदूतील सावधपणाची यंत्रणा दाबून ठेवते, तेव्हा मेंदू ती यंत्रणा अधिक जोराने चालवू लागतो. दाब एकाएकी काढला की ती मोकाट सुटते. तिला पुन्हा मूळ गतीवर यायला वेळ द्यावा लागतो, आणि हळूहळू कमी करणे म्हणजे तो वेळ देणे.

मी विचारले, रोज एक गोळी कमी केली तर आठ दिवसांत संपेल की! डॉक्टर म्हणाले, “सर, तुम्ही गणिताचे ना? आठातून एक काढणे आणि दोनातून एक काढणे सारखेच का?” माझ्याच विषयातील चूक मला दाखवली गेली. आठाच्या सात करताना आठवा भाग जातो, चाराच्या तीन करताना चौथा, दोनाची एक करताना निम्मा, आणि एकाचे शून्य करताना सगळेच. शरीराला गोळ्यांची संख्या कळत नाही, त्याला प्रमाण कळते. म्हणून पायरी उतरत जाताना लहान करत न्यावी लागते. वर्षाहून अधिक काळ अशी औषधे घेणाऱ्यांसाठी अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने 2022 मध्ये महिन्याला सुमारे 10 टक्के किंवा त्याहूनही संथ कपात सुचवली आहे, आणि तेथील औषध प्रशासनाने 2019 मध्येच एकदम बंद करण्याचे धोके, त्यात आत्महत्येचाही, जाहीरपणे सांगितले होते. माझा वेग त्याहून थोडा जास्त होता, कारण दर पंधरा दिवसांनी तपासणी होत होती. हा आराखडा माझ्या प्रकृतीपुरता होता. वाचणाऱ्याने तो उचलू नये, आपल्या डॉक्टरांकडून आपला आखून घ्यावा.

13 जून 2022 रोजी आठाच्या सात झाल्या. पुढे दर तीन आठवड्यांनी एक याप्रमाणे 15 ऑगस्टला चार. तेथून अर्ध्या-अर्ध्या गोळीने उतरायचे होते. माझी गोळी साधी होती म्हणून डॉक्टरांनी तिचे दोन भाग करू दिले. सावकाश विरघळणारी, एसआर लिहिलेली गोळी मात्र कधीही तोडू नये, कारण तोडली तर दिवसभराची मात्रा एकदम अंगात उतरते. गोळ्या पत्नीच्या ताब्यात होत्या. ती रोज सकाळी त्या दिवसाच्या तेवढ्या डबीत ठेवत असे आणि वहीत लिहीत असे. मला वेळा ठरवून दिल्या होत्या आणि दुखले तरी वेळेआधी घ्यायची नाही असा नियम होता, कारण ‘दुखले की गोळी’ हे समीकरण मोडणे हाही उपचाराचाच भाग होता.

प्रत्येक कपातीनंतरचे चार-पाच दिवस वाईट जात. दिवाळीसारखे नव्हे, पण झोप तुटे, चिडचिड होई, रात्री पाय वळवळत. मी अकराला गच्चीत फेऱ्या मारत असे, मग गरम पाण्याने पाय शेकत असे. डॉक्टरांनी त्या दिवसांपुरती क्लोनिडिनची लहान मात्रा दिली होती. तिने घाम आणि धडधड कमी होई, पण रक्तदाब उतरत असल्याने अंथरुणातून सावकाश उठावे लागे, आणि एकदा घाईने उठून मी कपाटावर आपटलोही. पोटासाठी ओआरएस, ताकभात, तांदळाची पेज. जुलाबाच्या गोळ्याही मनाने वाढवायच्या नाहीत, हृदयाला धोका पोचतो, अशी ताकीद होती. झोपेची गोळी आणि मद्य यांना तर सक्त मनाई होती, कारण अफूच्या जातीतील औषधाबरोबर ती घेतली तर श्वासच मंदावतो.

ऑक्टोबरमध्ये, तीन गोळ्यांवर असताना, पाठीने दगा दिला. जिन्यावरून पाय घसरला आणि कळ परतली. मला वाटले, संपले सारे, आता परत पाच. डॉक्टरांनी मात्रा वाढवली नाही, कमीही केली नाही. तीन आठवडे तेथेच थांबवले आणि फिजिओथेरपी सुरू ठेवली. थांबणे म्हणजे माघार नव्हे, हे मला तेव्हा पटले नव्हते. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर अडीच, महिनाअखेरीस दोन.

याच सुमारास एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात आली. वहीत मी रोजचे दुखणे शून्य ते दहा असे मांडत होतो. आठ गोळ्या घेताना ते सहा-सात असे. दोन गोळ्यांवर चार होते. औषध चौथाईवर आले आणि दुखणेही कमी झाले! दीर्घकाळ घेतलेली अफूजन्य औषधे काही जणांत वेदनेची संवेदना उलट तीव्र करतात, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. मी ते समजूत घालण्यासाठी केलेले बोलणे समजलो होतो.

दोनापासून पुढे चार-चार आठवड्यांचा टप्पा. शेवटच्या अर्ध्या गोळीत 19 मिलिग्रॅमही औषध नव्हते, आणि तिने मला जितके छळले तितके सहाव्या-सातव्या गोळीने छळले नाही. त्यात औषध किती आणि सवय किती, हे मला वेगळे करता येणार नाही. सकाळी पावणेसातला चहाबरोबर काहीतरी गिळायचे असते हे शरीराला पाठ झाले होते. 20 मार्च 2023 रोजी तीही थांबली. घरात दहावीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता आणि मी पहाटे तीनला उठून गुण देत बसे. झोप नीट लागायला मे महिना उजाडला. मध्यंतरी कित्येक दिवस कशातच गोडी वाटत नसे, आणि हे उदासपण चार दिवसांत जाईल अशी अपेक्षा ठेवल्यामुळे ते अधिकच जड झाले.

या काळात पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राविषयी वाचले. 1986 मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी ते सुरू केले तेव्हा समोर गर्दची मुले होती. मला दाखल व्हावे लागले नाही, पण ज्यांचे घरी जमत नाही, ज्यांना आकडी आली आहे, ज्यांच्या घरात डबी सांभाळणारे कोणी नाही, त्यांनी दाखल होण्यात कमीपणा मानू नये. 14446 हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीसाठीचा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. आत्महत्येचे विचार येत असतील तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416. आणि एक धोका मला कोणी वेळेवर सांगितला नसता तर मी कदाचित हे लिहायला नसतो: मात्रा उतरली की शरीराची सहनशक्तीही उतरते. एखाद्या वाईट रात्री जुन्या आठ गोळ्या घ्याव्यात असे वाटले, तर त्या गोळ्या आता पूर्वीच्या माणसाला नव्हे, नवख्या माणसाला दिल्यासारख्या असतात.

गेल्या वर्षी अक्कलदाढ काढायची वेळ आली. खुर्चीत बसण्याआधीच मी दंतवैद्यांना सर्व सांगितले. सांगताना जीभ जड झाली, पण त्यांनी फक्त मान हलवली, माझ्या कार्डावर लाल शाईने दोन ओळी लिहिल्या आणि साधे पॅरासिटामॉल दिले. तीन दिवसांच्या नऊ गोळ्या होत्या. घरी आल्यावर पत्नीने हात पुढे केला, मी पाकीट दिले, आणि तिने जुनी वही काढून नव्या पानावर तारीख लिहिली.