किड्यांचे फोटो काढता काढता घरचे फोटो सुधारले – माझा अनुभव

मॅक्रो फोटो, म्हणजे बारीकसारीक गोष्टींचे अगदी जवळून काढलेले फोटो, म्हटलं की लोक आधी विचारतात कॅमेरा कुठला, माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. मी सुरुवात मोबाईलला चिमटा लावून बसवायच्या मॅक्रो लेन्सने केली, पण तिला किड्याच्या अगदी जवळ, दोन-चार सेंटिमीटरवर न्यावं लागतं आणि तेवढ्यात साहेब उडून जातात, म्हणून मग जुनी ५० एमएमची लेन्स रिव्हर्स रिंग (लेन्स उलटी जोडायची कडी) लावून कॅमेऱ्यावर उलटी बसवली. उलट्या लेन्सला ऑटोफोकस नाही, पण खरं सांगू का, इथे त्याचं फारसं अडत नाही. श्वास रोखायचा, आपणच केसभर पुढे-मागे व्हायचं आणि डोळे शार्प दिसले की क्लिक. अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र, एफ ११ इतकं बारीक केलं तरी जेमतेम एक-दोन मिलिमीटर शार्प येतं, म्हणजे डोळे आले तर मिशा गेल्या. एवढ्या बारीक अॅपर्चरला उजेड पुरत नाही म्हणून फ्लॅश, आणि नुसता फ्लॅश मारला की भुंगेऱ्याच्या पाठीवर पांढराफटक डाग, त्यामुळे फ्लॅशपुढे पातळ पांढरा फोम. वेळ म्हणाल तर सकाळची, अंग गरम व्हायला किड्यांना बाहेरची ऊब लागते, ती मिळेपर्यंत सुस्त असतात बिचारे.

एकदा लेक ओरडली, "आई, कचरा चालतोय बघ!" आणि खरंच पानावर एक भुरकट पुंजका सरकत होता. लेन्समधून बघितलं तर खाली सहा पाय आणि पुढे विळ्यासारखे दोन जबडे. क्रायसोपाची, म्हणजे जाळीदार पंखांच्या एका किड्याची, अळी! जबडे आतून पोकळ, ते माव्यात खुपसून रस ओढून घेते आणि यातल्या काही जाती तर त्याच माव्याची रिकामी सालं पाठीवरच्या केसांत अडकवून फिरतात, मग माव्याची राखण करणाऱ्या मुंग्यांना पत्ताच लागत नाही. मी तिच्या मागे लागलेले, आणि लेक जमिनीवर पालथी पडून, नाक पानाला टेकेल इतकं जवळ नेऊन बघत होती. उलट्या लेन्समध्ये लेक काय मावणार, म्हणून तिचा फोटो खिशातल्या मोबाईलवर काढला, तोही तिच्याइतकंच खाली बसून.

माझ्याकडचा तिचा सगळ्यात चांगला फोटो तोच. तेव्हापासून घरात "इकडे बघा, हसा" म्हणणं बंद. आई खिडकीशी बसून सुईत दोरा ओवत असली की मी बाजूला जाऊन बसते आणि काहीच बोलत नाही, पहिली काही मिनिटं ती सावध असते, मग विसरते, दोऱ्याचं टोक ओठांत धरून भुवया आक्रसते आणि तेवढंच हवं असतं. उजेड खिडकीचा, एका बाजूने, फ्लॅश अजिबात नाही. बसलेल्या माणसाला शटर १/१२५ सेकंद पुरतं, पण पळणाऱ्या पोराला १/५०० तरी हवं, त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) वाढला आणि फोटोत थोडे दाणे आले तर येऊ देत, हललेल्या चेहऱ्यापेक्षा परवडले.

कॅमेऱ्याकडे बघण्याचा हट्ट फक्त प्रार्थनाकीटक पुरवतो. कुठल्याही बाजूने फोटो काढा, त्याच्या डोळ्यातला काळा ठिपका आपल्याकडेच वळलेला! ती बाहुली नसते बरं का, डोळा हजारो बारीक भिंगांचा असतो आणि त्यातली जी नेमकी आपल्या दिशेला असतात ती उजेड शोषून घेतात म्हणून काळी दिसतात.

किडा कुठला ते कळत नसेल तर वरून, बाजूने आणि समोरून असे तिन्ही फोटो घेऊन आयनॅचरलिस्टवर (प्राणी-वनस्पती ओळखायला मदत करणारी वेबसाइट) टाकते, एका फोटोवर जाणकारही कधी कधी हात वर करतात.

आता गॅलरीत सगळी सरमिसळ झालीये. पाहुण्यांना लेकीचे फोटो दाखवताना एक स्वाईप जास्त झाला आणि पूर्ण स्क्रीनभर कोळ्याचे आठ डोळे आले, मावशींनी फोन जवळजवळ फेकलाच, म्हणून किड्यांचा अल्बम वेगळा करायला घेतलाय. लेक आणि अळी दोघी असलेला तो फोटो कुठे टाकायचा ते मात्र ठरत नाहीये.