दोनशे जण आणि एकच ओळ

"कंपनीसाठी एक अ‍ॅप्लिकेशन करून घ्यायचंय. एका वेळी दोनशे जण वापरतील. कोणता डेटाबेस घेऊ?" हा प्रश्न इतक्या जणांकडून येतो की उत्तर एकदा लिहूनच टाकावं म्हटलं.

तर, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. दोनशे या आकड्याला मी फारसा भीत नाही. हिशेब करून बघा. दोनशे माणसं लॉगिन करून बसली आहेत आणि प्रत्येक जण दर ३० सेकंदांनी काहीतरी सेव्ह करतोय असं धरू. (इतक्या भराभर कोणी काम करत नाही, पण असू दे.) म्हणजे सेकंदाला साधारण सात सेव्ह. एकेका सेव्हला ५० मिलिसेकंद लागत असतील, तर कुठल्याही क्षणी डेटाबेसमध्ये सरासरी ०.३३ काम चालू असतं. एक अख्खं कामसुद्धा नाही! बाकीचे टाइप करतायत, फोनवर बोलतायत, नाहीतर नुसतेच स्क्रीनकडे बघतायत.

म्हणून मी उलट विचारतो, की यातल्या किती जणांचा हात एकाच ओळीवर (म्हणजे टेबलातल्या एकाच नोंदीवर) पडणार आहे? आणि ती ओळ एकेक जण किती वेळ अडवून धरणार? याचं उत्तर बहुतेकांकडे नसतं. डेटाबेसचं नाव मात्र आधीच ठरलेलं असतं.

नावाचं लवकर आटपू. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्सेसची फाइल नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये ठेवून गाडा ओढणारे अजूनही भेटतात. कागदावर तिची मर्यादा २५५ जणांची आणि २ जीबीची. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी आधी ती मान टाकते, कारण मध्ये सर्व्हर नसतो, प्रत्येक मशीन थेट फाइलमध्ये लुडबुड करतं. एसक्यूलाइट (हाही एका फाइलमधलाच डेटाबेस) माझं आवडतं, पण त्यात एका वेळी लिहिणारा एकच. वॉल मोड (बदल आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहायची सोय) लावला तर वाचणारे अडत नाहीत, एवढंच. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर या सर्व्हरवर चालणाऱ्या डेटाबेसांपैकी तुमच्या माणसांचा हात ज्यावर बसलाय ते घ्या. त्यावर बैठका घालवू नका.

आता ती ओळ. गोदामात एका मालाचे १० नग आहेत. एका टेबलावरचा ऑपरेटर ३ नगांची ऑर्डर टाकतोय, दुसरा ४ नगांची. दोघांच्या स्क्रीनवर १० दिसतात. पहिल्याचा प्रोग्राम दहातून तीन वजा करून ७ लिहितो, दुसऱ्याचा दहातून चार वजा करून ६ लिहितो. गेले सात नग, शिल्लक दिसते ६. एरर कुठेही नाही, लॉगमध्ये काही नाही. आणि "आम्ही ट्रान्झॅक्शन वापरतो की" हे उत्तर इथे कामाचं नाही. (ट्रान्झॅक्शन म्हणजे बदलांचा गठ्ठा: सगळे एकत्र पक्के म्हणजे कमिट होतात, नाहीतर एकत्र रद्द.) एकाच वेळी चालणाऱ्या ट्रान्झॅक्शन एकमेकींपासून किती अलग ठेवायच्या याच्या पातळ्या असतात. पोस्टग्रेसची मूळ पातळी रीड कमिटेड, तिच्यात हा घोळ बिनबोभाट होतो. मायएसक्यूएलची मूळ पातळी रिपीटेबल रीड, तिच्यातही होतो. पोस्टग्रेसमध्ये रिपीटेबल रीड लावलीत तर मात्र दुसऱ्याला एरर मिळते. पातळीचं नाव तेच, वागणूक वेगळी.

उपाय साधा आहे. वजाबाकी प्रोग्राममध्ये करूच नका, डेटाबेसला करू द्या. 'शिल्लक तीन किंवा जास्त असेल तरच तीनने कमी कर' हे एकाच अपडेटमध्ये लिहा आणि किती ओळी बदलल्या ते तपासा. शून्य आल्या तर माल नाही.

ग्राहकाचा पत्ता, कराराच्या अटी असल्या लांबलचक फॉर्मना हे पुरत नाही. तिथे प्रत्येक ओळीला एक आवृत्ती क्रमांक ठेवा आणि सेव्ह करताना तो मघाचाच आहे ना ते बघा. बदलला असेल तर 'हे मधल्या वेळात अमक्याने बदललंय' असं नावानिशी सांगा. फॉर्म उघडल्यापासून ओळ लॉक करून ठेवायची कल्पना सगळ्यांना सुचते. ती करू नका. माणूस फॉर्म उघडा टाकून घरी जातो.

सगळ्यात जास्त खटका उडतो तो बिलाच्या नंबरावरून. अकाउंट्सवाल्यांना नंबर सलग हवेत, एकही गाळलेला चालत नाही. डेटाबेसचा सीक्वेन्स (आपोआप पुढचा नंबर देणारी सोय) ही हमी देत नाही. ट्रान्झॅक्शन रद्द झाली तरी घेतलेला नंबर परत जात नाही, मध्ये भोक राहतं. मग शेवटचा नंबर एका टेबलात ठेवावा लागतो, आणि ती ओळ कमिट होईपर्यंत बाकी सगळी बिलं रांगेत. ट्रान्झॅक्शन ५० मिलिसेकंदांची असेल तर सेकंदाला २० बिलं निघतील, भरपूर झाली. पण कोणीतरी त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये पीडीएफ बनवून ईमेलही पाठवत असेल आणि त्याला दोन सेकंद लागत असतील, तर मिनिटाला ३० बिलं, मग सर्व्हर कितीही दणकट घ्या. नंबर सगळ्यात शेवटी घ्या, लगेच कमिट करा, ईमेल त्यानंतर. आणि अकाउंट्सला स्पष्ट विचारा, कोटेशनचे नंबरही सलगच हवेत का? बहुधा नको असतात.

जोडण्यांचं थोडक्यात. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनला वेगळी प्रोसेस देतं आणि मूळ मर्यादा १०० ची असते, मायएसक्यूएलची १५१. दोनशे मशीन थेट जोडलीत तर उशिरा येणारे बाहेरच राहतील. मध्ये कनेक्शन पूल ठेवा, म्हणजे थोडीच कनेक्शन उघडी ठेवून सगळ्यांनी आळीपाळीने वापरायची. वरचा ०.३३ आठवला तर दहा-वीस कनेक्शन का पुरतात ते कळेल.

कोड फार पुढे जायच्या आत एक चाचणी कराच. डेटाबेसच्या दोन खिडक्या उघडा. पहिलीत ट्रान्झॅक्शन सुरू करून एक ओळ बदला, कमिट करू नका. दुसरीतून तीच ओळ बदलायला जा. ती लटकेल. पोस्टग्रेसमध्ये पहिली सोडेपर्यंत, कारण लॉकसाठी थांबण्याला मुळात मर्यादाच लावलेली नसते. मायएसक्यूएल ५० सेकंदांनी एरर देईल, पण तेवढंच स्टेटमेंट मागे घेईल, ट्रान्झॅक्शन उघडीच राहील. आता पहिली खिडकी तशीच ठेवून तुमच्या अ‍ॅप्लिकेशनमधून ती ओळ सेव्ह करा आणि ऑपरेटरला काय दिसतं ते बघा. नुसतं फिरणारं चक्र दिसत असेल तर तो सेव्ह पुन्हा दाबणार, आणि लॉक सुटला की एकाच ऑर्डरची दोन बिलं होणार. त्यासाठी फॉर्म उघडतानाच त्याला एक वेगळी की (ओळखखूण) द्या आणि बिलाच्या टेबलात तिच्यावर युनिक इंडेक्स (तीच की दुसऱ्यांदा न घेणारं बंधन) लावा, म्हणजे दुसरं बिल टेबलात शिरतच नाही.