आईला घेऊन अँडोराच्या गरम पाण्यात: व्हिसापासून परतीच्या बॉर्डरपर्यंत

दोन वर्षं सुट्टी अशी घेतलीच नव्हती, एक प्रोजेक्ट संपला की दुसरा चालू, आणि इकडे आई झेडपीच्या शाळेतून रिटायर झाल्यापासून गुडघे धरून बसलेली. तिला म्हटलं चल, या वेळी दहा देवळं आणि पंधरा म्युझियम असं काही नको, एका जागी जाऊन नुसतं गरम पाण्यात बसू. ऑफिसातल्या एका मैत्रिणीने अँडोराचं नाव सांगितलं, फ्रान्स आणि स्पेनच्या मध्ये पिरिनीज डोंगरात अडकलेला एवढासा देश, ४६८ चौरस किलोमीटर, म्हणजे आपली बृहन्मुंबई असेल साधारण तेवढाच. तिथे ना एअरपोर्ट ना रेल्वे, जायचं ते रस्त्यानेच. आम्ही बार्सिलोनामार्गे जायचं ठरवलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगते, कारण यात माझी झोप उडाली होती. अँडोरा आपल्याकडे वेगळा टुरिस्ट व्हिसा मागत नाही, पण तो शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपातल्या देशांच्या गटात, पण नाहीये. म्हणजे काय, तर तुम्ही स्पेनमधून अँडोरात शिरलात की कागदोपत्री शेंगेनच्या बाहेर पडलात, आणि परत स्पेनमध्ये यायचं तर ती दुसरी एंट्री झाली. सिंगल एंट्री व्हिसा असेल तर तो तिथेच संपला, आणि या देशातून बाहेर पडायला स्पेन नाहीतर फ्रान्स याशिवाय वाटच नाही! आमचा फॉर्म ज्या एजंटने भरला त्याने दोघींच्याही फॉर्मवर सिंगल टिक केलं होतं. अपॉइंटमेंटच्या आदल्या रात्री साडेअकराला मी सहज म्हणून पानं उलटत होते तेव्हा दिसलं. रात्रीच दोन्ही फॉर्म नव्याने भरले, मल्टिपल केलं, आणि कव्हर लेटरमध्ये तारखांसकट लिहिलं की आधी दोन रात्री बार्सिलोना, मग तीन रात्री अँडोरा, मग परत दोन रात्री बार्सिलोना. अँडोराचं हॉटेल बुकिंग आणि जाण्यायेण्याची बसची तिकिटं सोबत जोडली. माझं स्पष्ट मत आहे की ही तिकिटं जोडाच, दुसरी एंट्री का हवी हे त्यांना कागदावर दिसलं पाहिजे. फी माणशी ९० युरो, जून २०२४ पासून तेवढीच आहे, व्हिसा सेंटरचा चार्ज वेगळा. इन्शुरन्स कमीत कमी ३०,००० युरोचा लागतोच, पण फक्त शेंगेनपुरता घेऊ नका, पॉलिसीत अँडोराचं नाव आहे का ते वाचून घ्या, आम्ही शेवटी वर्ल्डवाइड घेतला.

पासपोर्ट परत आले तेव्हा फोटो-बिटो काही बघितलं नाही, आधी एंट्रीचा रकाना बघितला. दोघींच्याही व्हिसावर ‘मल्ट’ होतं. तिथे ०१, म्हणजे एकच एंट्री, असतं तर अँडोराचं बुकिंग कॅन्सल करायचं हे मी मनाशी ठरवलेलंच होतं.

ऑक्टोबरमध्ये गेलो. बार्सिलोनाहून बस साधारण तीन-सव्वातीन तास घेते. पहिला तास काही खास नाही, पण ओलियानाचं धरण आलं की डोंगर अंगावर यायला लागतात, कडे उभे, खाली हिरवं पाणी, आईने तिथून पुढे डोळा मिटला नाही. ला सेउ द उर्जेल नावाचं गाव लागतं, तिथला बिशप आणि फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष असे दोघं मिळून अँडोराचे राजे आहेत, दोघांनी मिळून राज्य करायची ही पद्धत १२७८ च्या करारापासूनची. आईने इतिहास शिकवलाय, तिला हे इतकं आवडलं की तिने ते वहीत लिहून घेतलं. जाताना बॉर्डरवर बस जेमतेम हळू झाली, कोणी काही विचारलं नाही. आणि तिथेच माझा फोन बंद पडला, म्हणजे नेटवर्क गेलं, कारण युरोपियन युनियनच्या रोमिंगमध्ये अँडोरा येत नाही आणि माझ्या युरोप पॅकमध्ये तो नव्हता. हॉटेलचा पत्ता कागदावर होता म्हणून निभावलं. मॅप आधी डाउनलोड करून ठेवा.

आम्ही एस्काल्देसमध्ये राहिलो, राजधानीला अगदी चिकटून, चालत जाता येतं. या गावाचं नावच तिथल्या गरम पाण्यावरून पडलंय. जमिनीतून सुमारे ७० अंशाचं गंधकाचं पाणी येतं, पूर्वी त्याच पाण्यात लोकर धुवायचे. हे सांगितल्यावर आई म्हणाली, “अगं, मग हे आपलं उन्हवरेच की!” तिचं माहेर दापोली तालुक्यातलं, लहानपणी आजीबरोबर उन्हवऱ्याच्या कुंडावर जायची. राजापूरजवळही उन्हाळे नावाचं गाव आहे, तिथेही गरम झरा. इतक्या लांब येऊन तिला एकदम ओळखीचं काहीतरी सापडलं आणि तिथून पुढे ती परक्या देशात असल्यासारखी वागलीच नाही, हॉटेलच्या बाईशी खुणांनी आणि मराठीत गप्पा मारायला लागली.

काल्डेया म्हणजे ते मोठं स्पा, १९९४ मध्ये सुरू झालेलं, काचेचा ८० मीटर उंच टोकदार मनोरा, गावात कुठूनही दिसतो. आम्ही तीन तासांचं तिकीट ऑनलाइन काढलं होतं, दुपारी चारचं मुद्दाम, म्हणजे आत असतानाच अंधार पडतो. आईची मोठी काळजी कपड्यांची होती. तिला लक्ष्मी रोडवर पूर्ण बाह्यांचा, लेगिंगचा स्विमसूट घेतला होता, तरी चेंजिंग रूममधून बाहेर यायला तिने दहा मिनिटं लावली. मी दाराशी उभी राहिले, घाई केली नाही. बाहेर आली आणि बघितलं तर तिच्या वयाच्या आणि तिच्याहून मोठ्या कितीतरी बायका निवांत पाण्यात बसलेल्या, कोणाचं कोणाकडे लक्ष नाही. मग तिने रेलिंग धरलं आणि एकेक पायरी उतरली.

मोठ्या तळ्यातलं पाणी तेहेतीस-चौतीस अंशाचं, म्हणजे कढत नाही, अंगाला लागत पण नाही इतकं कोमट. आतून पोहत किंवा चालत थेट बाहेर उघड्यावर जाता येतं. बाहेर हवा सात-आठ अंश, डोकं गार आणि मानेखाली सगळं गरम, पाण्यावर वाफ, समोर डोंगरावर एकेक दिवा लागत होता. आई पाठ टेकून बसली आणि अर्धा तास एक शब्द बोलली नाही. मी तिला इतकं शांत बसलेलं कधी बघितलंय ते आठवेना, बाबा गेल्यापासून तर नाहीच.

आत इंडो-रोमन बाथ पण आहेत, एक ३६ अंशाच्या आसपास आणि शेजारी १४ चा गार, एकातून दुसऱ्यात जायचं. आईला बीपीची गोळी आहे, डॉक्टरांनी निघतानाच सांगितलं होतं की गार पाण्यात उडी नाही, सॉना नाही, गरम पाण्यातून दर वीस मिनिटांनी बाहेर यायचं आणि पाणी पीत राहायचं. ते आम्ही घड्याळ बघून पाळलं. ज्यांच्या घरी वयस्कर माणसं आहेत त्यांनी हे प्लीज विचारून जा. आणि गुडघे बरे होतील असं मी तिला सांगितलं नव्हतं, डॉक्टरही तसं म्हणाले नव्हते, पण त्या रात्री ती बाम न लावता झोपली.

दुसऱ्या दिवशी पाण्यात गेलोच नाही. वालिरा नदीच्या कडेने हळूहळू चाललो, १५८० सालचं कासा दे ला वाल बाहेरून बघितलं, जिथे पूर्वी त्यांची संसद भरायची. जेवणात शाकाहारी माणसाने त्रिंशात मागवताना विचारावं, कोबी-बटाट्याचं असतं पण वर डुकराचं मांस घालतात. एस्कालिवादा मात्र बिनधास्त घ्या, भाजलेली वांगी आणि ढोबळी मिरची, आईने तीन दिवस तेच खाल्लं. शेवटच्या दिवशी परत काल्डेया, आणि या वेळी चेंजिंग रूममधून ती माझ्या आधी बाहेर.

येताना मात्र बॉर्डरवर बस थांबवली. अँडोरात टॅक्स कमी म्हणून लोक भरभरून खरेदी करतात, दारू, सिगारेट, परफ्यूम, चीजवरसुद्धा मर्यादा आहे, त्यामुळे तपासणी असते. दोन अधिकारी चढले, काहींच्या बॅगा उघडायला लावल्या, मग आमचे पासपोर्ट मागितले. त्यातल्या एकाने व्हिसाचं पान काढलं, त्या रकान्यावर बोट ठेवून वाचलं, माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. माझे हात गार पडले होते. त्याने दोन्ही पासपोर्ट आईच्या हातात दिले आणि पुढच्या सीटकडे गेला. आई म्हणाली, “चांगला होता गं मुलगा,” आणि पासपोर्ट पर्समध्ये ठेवून खिडकीकडे वळली, ओलियानाचं पाणी परत बघायचं होतं तिला.